ही डिस्क चालेल असा प्लेयर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, असं मी धरूनच चालले आहे. ठेव, पण उद्यापर्यंतच. तुझा नंबर अस्तित्वात नाही असं फोनवरची बाई सांगते. पत्ता मी तुझ्या जुन्या स्टुडिओतून मिळवला. रिसेप्शनवरच्या बाईंना दोनदा सांगावं लागलं की मी धाकटी बहीण आहे, कुणी वकील-बिकील नाही.

काम साधं आहे. मला डिस्क प्लेयर घ्यायचा आहे आणि कुठला घ्यावा ते कळत नाही. घरात यंत्रांशी बोलणारी तू एकटीच होतीस.

आईला तिचा तो दीपगृहातल्या मुलाचा सिनेमा बघायचा आहे. छत्तिसाव्या वर्षी तिनं आठ वर्षांच्या पोराचा आवाज दिला होता आणि आपण दोघी शेजारच्यांना सांगत सुटलो होतो की पडद्यावरचा तो मुलगा आमची आई आहे. सिनेमा नेटवर आहे. मी महिन्याची वर्गणी भरली, लावूनही दिला. आईनं चार मिनिटं ऐकलं, मग पाटीवर लिहिलं, "ही मी नाही," आणि टीव्ही बंद केला.

घसा बरा नाही म्हणून ती सध्या पाटीवर लिहिते.

नेटवर आता दुसऱ्या बाईंचा आवाज आहे हे तुला मी सांगायला नको. आईचा आवाज फक्त आपल्याकडच्या डिस्कवर आहे. पण ही डिस्क बाहेर, परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी काढलेली. तिच्या पाठीवर पृथ्वीचा छोटा गोल आहे आणि त्यात एक आकडा आहे. इथल्या यंत्रांचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे ती ही डिस्क घेत नाहीत. आपल्या जुन्या प्लेयरला चालायची, कारण तू त्याला काहीतरी करून ठेवलं होतंस. तो प्लेयर गेल्या वर्षी ट्रे बाहेर काढून बसला आणि आत घेईना. मी तो भंगारात दिला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे नंतर लपवल्यासारखं होणार नाही.

तर विचारायचं हे: साधा घ्यावा की ब्लू-रेवाला? महाग यंत्र हा आकड्याचा अडसर मानत नाही का? टीव्हीला आता फक्त एचडीएमआय आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकं नाहीत. मधे जोडायचा डबा मिळतो म्हणे. त्यानं आवाज बिघडतो का? मला चित्राची चिंता नाही.

लवकर कळव. घाई आहे असं नाही. म्हणजे, आहे.

तुझी धाकटी

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

मंगळवारच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरंही पुरतं लिहिलं नाही. मी दिवसभर छापखान्यात औषधांच्या माहितीपत्रकांची प्रुफं तपासते. अर्धी सूचना ही चुकीच्या सूचनेहून वाईट, हे मीच नव्या मुलींना शिकवते. म्हणून आता पुरतं लिहिते. बसून वाच.

आईचा घसा "बरा नाही" असं नाही. बारा जानेवारीला तिचं ऑपरेशन झालं. गाठ स्वरयंत्रावर होती. स्वरयंत्र काढावं लागलं. मानेच्या खालच्या बाजूला आता एक भोक आहे, ती त्यातून श्वास घेते. त्यावर मऊ कापड बांधते. आवाज नाही, ताई. कुजबुजही नाही. ओठ हलतात, बस्स.

गाठ काढली, पण रेडिएशन घ्यायलाच हवं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांच्या आत सुरू झालं तर उपयोग. त्यांनी वीस तारीख दिली आहे, शुक्रवार. त्यापुढे गेलं तर ते हमी देणार नाहीत. आणि आई नाही म्हणते.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही."

आईनं पाटी फिरवली: "मग विचारता कशाला?"

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "त्यांचं मन वळवा. माझ्या हातात एवढंच होतं." मी घरी येऊन हात जोडले, रडले, जेवण टाकलं. आईनं जेवण परत पुढे सरकवलं आणि लिहिलं, "आधी माझा आवाज ऐकव. मग मशीनखाली जाईन."

मी तिला फोनमधलं काही ऐकवू का विचारलं. आहे काय फोनमध्ये? "दूध आण" आणि "पोचलीस का" असे तिचे दोन निरोप. तिनं हात झटकला. तिला काम करत असतानाचा आवाज हवा आहे. डिस्कवरचा.

कधीकधी मला वाटतं, डिस्क चालणार नाही हे माहीत आहे म्हणूनच तिनं ही अट घातली आहे. सरळ नाही म्हटलं तर मी कोसळेन, म्हणून प्लेयरचं निमित्त.  पण अट ती अट. आईनं दिलेला शब्द कधी मोडला आहे? आपल्याला दहा वर्षांची होईपर्यंत तिनं घरीच शिकवलं, आणि त्यात पाढ्यांच्या आधी हे शिकवलं.

तिनं मला तुला काही सांगू नकोस असंही बजावलं होतं. तो शब्द मी आज मोडला. तिला अजून सांगितलेलं नाही.

चौदा दिवस आहेत. कुठला प्लेयर, ते सांग.

धाकटी

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

माझ्या हातून एक मूर्खपणा झाला आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगितला तर लोक मला वेड्यात काढतील.

छापखान्याच्या मालकांनी मला एक जुना लॅपटॉप घरी न्यायला दिला. त्याला बाजूला डिस्कची फट आहे. डिस्क घातली तर पडद्यावर चौकट आली: या ड्राइव्हचा विभाग, म्हणजे तो गोलातला आकडा, वेगळा आहे, बदलायचा का? खाली लिहिलं होतं, आणखी चार वेळा बदलता येईल. मी तीनदा वाचलं. बदलला. आणि लागलं गं! सुरुवातीचं संगीत लागलं, समुद्र दिसला. आई झोपली होती. मी एक मिनिट बघून बंद केलं, कारण पहिल्यांदा ऐकायचं ते तिनंच ऐकायचं.

मग मी विभाग परत पहिल्यासारखा करून ठेवला.

यंत्र मालकांचं आहे ना. दुसऱ्याची वस्तू जशी घेतली तशी ठेवायची. तू हसायचीस त्याला, मी शेजारच्यांच्या घरी पाणी प्यायले तरी पेला पुसून, होता तिथेच ठेवायचे म्हणून. मला खरंच वाटलं, परत जागेवर ठेवलं की मोजणीही परत जागेवर जाते. केलेलं निस्तरलं की न केल्यासारखं होतं.

रविवारी आईला उशीला टेकवून बसवलं. पुन्हा विभाग बदलला. सिनेमाचं नाव येईपर्यंत तिला मानेच्या भोकातून खोकला सुटला, तो थांबेना. नळीनं साफ करावं लागलं. ती थकून झोपली. मी हात धुतले, लॅपटॉप पुसला, आणि विभाग परत केला.

काल चौकट आली तेव्हा खाली लिहिलं होतं, यापुढे बदलता येणार नाही. चार संपले होते. ड्राइव्ह आता कायमचा इथल्याच आकड्यावर अडकला आहे. औषधांच्या कागदावर "एका दिवसात चारपेक्षा जास्त नको" हे वाक्य मी आयुष्यात हजारदा तपासलं असेल, आणि इथे चार म्हणजे काय ते मला कळलं नाही.

आई बघत होती. मी सांगितलं, "यंत्र जरा बिघडलंय." तिनं लिहिलं, "मग राहू दे." आणि डोळे मिटले. ते "राहू दे" सिनेमाबद्दल नव्हतं, ताई. मी तिला ओळखते.

आज छापखान्यात दांडी मारून पाच दुकानं फिरले. दोन ठिकाणी डिस्क प्लेयर या शब्दालाच हसले. तिसऱ्याकडे एक होता, पण लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा, आणि तो फक्त इथलीच डिस्क घेतो. चौथ्याकडे ब्लू-रेवाला, मी गोलातला आकडा दाखवला तर विक्रेता म्हणाला, "चालेल की, का नाही चालणार?" मी म्हटलं, लावून दाखवा. लागली नाही. म्हणजे महाग यंत्रही अडसर मानतं, हे माझं मलाच कळलं.

पाचव्या दुकानातला मुलखाचा बोलका. "अहो, डिस्क घेऊन काय करणार? सगळं नेटवर आहे."

"सगळं नाही."

"काय नाही ते सांगा, आत्ता काढून देतो."

मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्यानं दोन मिनिटांत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. तोच, दुसऱ्या बाईंच्या आवाजातला. "हे घ्या!" म्हणाला. मी दुकानात उभ्या उभ्या रडायला लागले. त्यानं घाईघाईनं बंद केला, पाणी दिलं आणि खाली वाकून विचारलं, "एवढा वाईट आहे का हो?"

नाही, वाईट नाही. त्या बाई चांगलं करतात. नेटसाठी आवाज नव्यानं भरायला आईला बोलावलं, तेव्हा स्टुडिओत तू साऊंडवर बसली होतीस, तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आईचा आवाज चिरकतोय, तिला डॉक्टरकडे न्या, हे काम दुसऱ्या कुणाला द्या." त्यांनी फक्त शेवटचं ऐकलं. आईनंही शेवटचंच ऐकलं. दोन वर्षं झाली. तुला तेव्हाच ऐकू आलं होतं ते, आमच्या कुणाच्या कानांना नाही. आई हे आता जाणते. म्हणूनच तुला कळू नये असं तिला वाटत होतं. चूक ठरलेल्या माणसाला दया नको असते.

दहा दिवस. ताई, रागाव, पण उत्तर पाठव.

तू ठेवलेल्या नावाची,
शंकासूर

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

तुझं कार्ड आलं. मी ते जिन्यातच वाचलं, मग घरात येऊन पुन्हा वाचलं.

"नवा शोधू नकोस. जुना, साधा, एचडीएमआय असलेला घे. ट्रे उघडा ठेवून रिमोटवर कोड टाकायचा, मग शून्य. खाली तीन कोड देते, तिन्ही करून बघ. शंकासूर, यात मोजणी नसते. कितीही वेळा चूक."

कितीही वेळा चूक. हे वाचून मला किती बरं वाटलं ते तुला कळणार नाही. आणि मग कार्डाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, तू विचारलेलं:

"ऑपरेशन ठरलं कधी? मी जानेवारीत तुला मेसेज केला, त्याच्या आधी की नंतर?"

आधी.

मी कालपासून या एका शब्दापाशी बसले आहे. नंतर असं लिहिता आलं असतं. तू पडताळायला कुणाला विचारणार होतीस?

आठ जानेवारीला तू लिहिलंस, "आईशी बोलू का? अजून रागावली आहे का?" ऑपरेशनला चार दिवस होते. आई आतल्या खोलीत होती, आवाज घोगरा होता पण होता. ती कुणाला तरी फोनवर दूध दोन दिवस नको म्हणून सांगत होती, ते मला ऐकू येत होतं. मी तुला लिहिलं, "सध्या नको. नंतर बघू."

मी शब्द दिला होता ना. तुला काही सांगायचं नाही, असा. तू बोलली असतीस तर तिचा आवाज ऐकून तुला लगेच कळलं असतं. तुझ्या कानांपुढे काय लपतं? म्हणजे शब्द मोडला असता. मी एवढाच विचार केला. पुढचा केला नाही, की यानंतर "नंतर" नावाचं काही उरणारच नाही. तू मग नंबर बदललास. बरोबर केलंस.

आईला हे माहीत नाही. तू विचारलं होतंस हे तिला माहीतच नाही. ती समजते की तू दोन वर्षांत एकदाही आठवण काढली नाहीस. हे मी तिला सांगायला हवं, आणि सांगितलं तर ती वीस तारखेला उठणार नाही अशी मला भीती वाटते. आणि न सांगता तिला मशीनखाली पाठवलं तर मी कोण? मला जेवण जात नाही. प्रुफात काल एक शून्य सुटलं. सोबतच्या बाईंनी पकडलं म्हणून बरं.

प्लेयर मिळाला आहे, ते सांगायचं राहिलं. घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांच्या फळीवर तीन होते. एकाला एचडीएमआय नव्हतं. उरले दोन. काका म्हणाले, "याचं चित्र चांगलं, त्याचा आवाज. काय हवंय?"

"आवाज."

"सिनेमा बघायचाय ना?"

"ऐकायचाय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि दुसरं काही विचारलं नाही. डोकं साफ करून, म्हणजे यंत्राचं, बुधवारी देतो म्हणाले.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. कोड चालले की कळवते.

धाकटी

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

ताई,

हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील: आई आत आहे. दारावर लाल दिवा लागला आहे.

बुधवारी दुपारी प्लेयर आणला. पहिला कोड लागला नाही. दुसरा नाही. तिसऱ्यात मी एक आकडा चुकले, आणि तुझं वाक्य मोठ्यानं म्हणत पुन्हा टाकला. शून्य दाबलं. ट्रे आत गेला. समुद्र आला.

आई पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसली होती. पोरगा दीपगृहाच्या पायऱ्या चढत येतो आणि दम खात पहिलं वाक्य बोलतो. आईचा आवाज खोलीत आला. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही, मी तिच्या पायांकडे बघत होते. पाय स्थिर होते.

दहाएक मिनिटांनी तिनं बोट वर केलं. मला वाटलं, संपलं. मी थांबवलं. तिनं लिहिलं, "इथे श्वास ऐकू येतो. तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा घ्या."

मी म्हटलं, "अगं, मला नाही ऐकू आला."

"तुला नाहीच येणार. तिला आला असता."

ताई, दोन वर्षांत पाटीवर किंवा पाटीबाहेर, तुझ्या कानांचा उल्लेख तिनं पहिल्यांदा केला.

मग पुढे चालू केलं. थोड्या वेळानं मी मान वर केली तेव्हा तिचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य तिला पाठ होतं. पोराचे ओठ हलायचे, आईचे ओठ हलायचे, आणि आवाज दोघांमधून कुठूनतरी यायचा, तंतोतंत. एकदाही तिची वेळ चुकली नाही. शेवटची नावं सरकू लागली तेव्हा तिनं मानेवरचं कापड नीट केलं, पाटी पुसली आणि लिहिलं, "शुक्रवारी किती वाजता?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कुठलीही शहाणी बाई बसली असती. मी बसले नाही. प्लेयर बंद करून, वायर गुंडाळून, तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. तुला पत्रं लिहिली हे. आणि आठ जानेवारीचा तुझा मेसेज, शब्दन् शब्द, आणि माझं उत्तर.

तिनं पाटी मांडीवर उलटी ठेवली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. गुरुवारी दिवसभर एक अक्षर लिहिलं नाही. मी औषध दिलं, तिनं घेतलं. भोकाचं कापड बदललं, तिनं बदलू दिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला चाललं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी छापखान्यातून तीनदा शेजारच्या काकूंना फोन केला. "अगं, दार आतून लावून बसल्यात, कागदाचा आवाज येतोय," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, हॉस्पिटलचे कागद फाडते आहे.

आज सकाळी मी गाडी बोलावली नव्हती. बोलावून काय करणार, असं वाटलं. सव्वाआठला न्हाणीतून बाहेर आले तर ती दारात चपला घालून उभी. केस विंचरलेले, मानेला धुतलेलं कापड. मनगटावरच्या घड्याळावर तिनं दोनदा बोट आपटलं, लहानपणी गणित वेळेत झालं नाही की आपटायची तसं. मी ओल्या केसांनी गाडी शोधायला पळाले.

गाडीत मी म्हटलं, "आई, तो सिनेमातला थोडा भाग फोनवर घेऊन ताईला पाठवू का? तिला तुझा आवाज..."

तिनं नाही म्हणून मान हलवली. पर्समधून एक पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. जाड होतं, चार-पाच कागद तरी असतील. कडेपर्यंत चिकटवलेलं. त्यावर तुझं नाव आणि तुझा पत्ता, तिच्या अक्षरात, पिनकोडसकट.

मी तिला पत्ता दिलेला नाही, ताई. पत्रं मी छापखान्यातून टाकली, तुझं कार्ड माझ्या पिशवीत असतं. मी विचारलं, "तुला हा कुठून मिळाला? कधीपासून आहे तुझ्याकडे?"

पाटी ती घरी ठेवून आली होती. 

मी पाकीट उजेडासमोर धरलं नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही आणि मला विचारू नकोस. ती रागावली आहे की नाही, माझ्यावर, तुझ्यावर, तेही मी आता सांगणार नाही. तुमच्या दोघींच्या मधे उभं राहून मी एकदा उत्तर दिलं आहे, तेवढं पुरे.

समोर फाटकापाशी टपालपेटी आहे. दोन्ही पाकिटं एकदमच टाकते, बहुतेक एकाच दिवशी मिळतील. माझं हे तू आधी वाचलं असशील तर ठेव आता.

तिचं उघड.